सोनपाखराची पाठ: फिरते रंग कागदावर आणण्याची माझी पद्धत

कबुतराच्या मानेवरचं एखादं गळलेलं पीस मिळालं तर खिडकीकडे पाठ करून ते समोर धरा. पीस हिरवं दिसेल, जरासं कललं की जांभळं. आता वळा आणि तेच पीस खिडकीसमोर धरून त्याच्या आरपार पाहा. राखाडी, मळकट तपकिरी. हिरव्याचा मागमूस नाही.

शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मी आधी हे करून घेते, रंगाची डबी उघडण्याच्याही आधी. कारण असे फिरते रंग काढायला बसलेला माणूस बहुधा चमकीच्या मागे लागतो. सोनेरी-चंदेरी ट्यूब शोधतो, पांढरे ठिपके टाकतो, इंद्रधनुष्यातले सगळे रंग एकाच पंखावर ओततो. चित्र रंगीबेरंगी होतं, पण झळाळत नाही. माझ्या अनुभवात झळाळी तीन गोष्टींनी येते आणि त्या याच क्रमाने कराव्या लागतात: आधी अंधार, मग रंगांचा बरोबर क्रम, मग त्या रंगांमधल्या कडा. चमकीचा रंग आलाच तर सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याच चित्रांत तो लागतच नाही.

मी कीटक आणि पक्षी काढते, मुख्यतः गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात. ही पद्धत ॲक्रिलिकला आणि तैलरंगालाही चालते. पारदर्शक जलरंगात मात्र ती अवघड जाते, कारण इथे गडदावर उजळ रंग चढवायचा असतो आणि जलरंग ते करू देत नाही.

रंग येतो कुठून

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये मोरपिसाविषयी एक साधी नोंद केली: पीस पाण्याने भिजवलं की रंग जातात. रंगद्रव्य असतं तर ते पाण्याने असं गायब झालं नसतं. पुढे न्यूटनने १७०४ मध्ये मोरपिसाच्या रंगांचा संबंध पातळ पापुद्र्यांच्या रंगांशी जोडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टॉमस यंगने प्रकाशाच्या व्यतिकरणाने त्याचं कारण सांगितलं. पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परत येतो, खालच्या पृष्ठभागावरून थोडा. दोन्ही लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग जोर धरतात, काही मावळतात. कोणता जोर धरेल हे पापुद्र्याच्या जाडीवर ठरतं आणि तुम्ही किती तिरपं पाहता यावर.

चित्रकाराला यातून दोन गोष्टी उचलायच्या आहेत.

पहिली: या रंगांच्या खाली जवळजवळ नेहमी काळोख असतो. मोराच्या पिसात, कबुतराच्या मानेत, बहुतेक चकचकीत भुंगेऱ्यांच्या कवचात मेलॅनिन हे रंगद्रव्य असतं, काळं-तपकिरी. परत न फिरलेला प्रकाश ते गिळून टाकतं, म्हणून परत आलेला रंग इतका शुद्ध दिसतो. मोरपिसात तर हे मेलॅनिनच कांड्यांच्या रूपात रांगेने रचलेलं असतं. निळ्या भागात कांड्यांमधलं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात सुमारे १५०. एवढ्याशा फरकाने निळ्याचा हिरवा होतो. (एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर असतात.)

दुसरी: पृष्ठभाग जितका तिरपा होत जातो तितका रंग निळ्याच्या दिशेने सरकतो. तांबडा असेल तर पिवळ्या-हिरव्याकडे, हिरवा असेल तर निळ्याकडे, निळा असेल तर जांभळ्याकडे. पातळ पापुद्र्यांना आणि थराथरांच्या कवचांना हा नियम लागू पडतो. तुम्ही काढत असलेल्या सोनपाखराच्या (चकचकीत कवचाच्या भुंगेऱ्याच्या) पाठीचा मधला भाग हिरवा आणि कडा तांबूस आल्या, तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला जाणवेल.

क्रम पाठ करण्यासाठी साबणाचा पापुद्रा

हा क्रम पुस्तकातून शिकण्यापेक्षा एकदा डोळ्यांनी पाहावा. भांडी धुण्याच्या साबणाचं पाणी घ्या, त्यात कपाचं तोंड बुडवून वर काढा. तोंडावर पापुद्रा ताणला जाईल. कप आडवा करा म्हणजे पापुद्रा उभा राहील. कपाचा आतला भाग गडद असायला हवा. नसेल तर आत काळा कागद बसवा. खिडकी किंवा पांढरी भिंत तुमच्या मागे किंवा बाजूला ठेवा, म्हणजे तिचं प्रतिबिंब पापुद्र्यात पडेल.

पाणी खाली ओघळत जातं, त्यामुळे पापुद्रा वर पातळ आणि खाली जाड होतो आणि रंगांचे आडवे पट्टे उमटतात. थोड्या वेळाने अगदी वर काळा पट्टा येतो. पापुद्रा तिथे इतका पातळ झालेला असतो की दोन्ही परावर्तनं एकमेकांना पुसून टाकतात. काळ्याच्या खाली चंदेरी पांढरा. मग गवती पिवळा, तांबूस, जांभळा, निळा, हिरवट, पुन्हा पिवळा, किरमिजी, मग निळसर हिरवा, गुलाबी, हिरवा, गुलाबी. खाली खाली रंग फिके होत जातात आणि शेवटी फक्त फिकट गुलाबी आणि फिकट हिरवा आलटून पालटून राहतात.

हा क्रम कागदावर पट्टीसारखा रंगवून घ्या. माझ्या टेबलासमोर अशी एक पट्टी कायम चिकटवलेली असते आणि मी ती रोज वापरते. तिच्यात एक महत्त्वाची खूण आहे: भडक शुद्ध पट्टे पातळ भागात येतात, गुलाबी-हिरव्याची जोडी जाड भागात. कबुतराच्या मानेत फक्त हिरवा आणि जांभळाच का खेळतो, तिथे केशरी किंवा गडद निळा का दिसत नाही, याचं उत्तर यातच आहे. त्या पिसाच्या सूक्ष्म तंतूंवरचा केराटिनचा (नखं-केसांत असतं त्या प्रथिनाचा) थर अर्ध्या मायक्रॉनहून थोडा जाड असतो (एका मिलिमीटरमध्ये हजार मायक्रॉन), म्हणजे तो पट्टीच्या खालच्या भागातला. मान काढताना मी पॅलेटवर हिरवा, जांभळा आणि त्यांच्यामधला राखाडी एवढंच ठेवते. चौथा रंग हाताशी नसला की हात भरकटत नाही.

पापुद्रा फुटतो, म्हणून अभ्यासासाठी टिकणारा नमुनाही करून ठेवा. पसरट ताटात पाणी घ्या, त्यात काळा जाड कागद तळाशी बुडवून ठेवा. पाण्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब टाका. तो क्षणात पसरून पातळ पडदा होईल. कागद एका कडेने हळूच वर उचला, पडदा त्याच्यावर बसेल. खिडकी उघडी ठेवा, नेलपॉलिशचा वास डोक्यात जातो. वाळल्यावर त्या कागदावर मोरपिशी, किरमिजी, सोनेरी वळणं दिसतील आणि जाडी बदलत नसल्याने ती तशीच राहतील. कागद तिरपा करत जा आणि एकाच जागेचा रंग कसा सरकतो ते पाहा. पांढऱ्या कागदावरही एकदा करून बघा. पडदा तोच असतो, पण रंग जवळजवळ दिसत नाहीत. अंधार आधी का म्हणते, ते त्या दोन कागदांकडे पाहिलं की कळतं.

वस्तू समोर कशी ठेवायची

फिरता रंग असलेली वस्तू थोडीफार आरशासारखी वागते: तिच्यावर जिथून प्रकाश येतो तेच ती रंगीत करून परत दाखवते. उघडा छोटा बल्ब लावला तर पाठीवर एक बारीक रंगीत ठिणगी दिसेल आणि बाकी सगळं काळं. म्हणून मोठा, पसरलेला उजेड हवा. मी एका पांढऱ्या कागदाची कमान करून ती वस्तूवर उभी करते आणि दिवा कमानीच्या बाहेर ठेवते. ढगाळ दिवशी खिडकीही उत्तम. अशा उजेडात सोनपाखराच्या अख्ख्या पाठीवर रंग पसरतो, मध्ये एक आणि कडांना दुसरा.

डोळा हलू द्यायचा नाही. मान दोन बोटं सरकली तरी हिरव्याचा निळा होतो, आणि सकाळच्या निळ्याशेजारी दुपारचा हिरवा लागला की चित्र फिसकटतं. मी टेबलाच्या कडेला एक उभी पट्टी लावून तिला डोळ्याच्या उंचीवर भोक पाडलं आहे. रंग ठरवताना एक डोळा मिटून त्याच भोकातून बघते. फोन स्टँडवर लावून त्याच जागेवरून फोटो काढून ठेवलात तरी चालेल, पण फोटोवरून रंग घेऊ नका. गर्द निळे-जांभळे रंग फोटोत सपाट होतात आणि पडद्यावर निळ्याचा भलताच निळा दिसतो. फोटो आकार आणि जागा लक्षात ठेवण्यापुरता.

रंगवण्याआधी एक छोटी नोंद करा. वस्तू सरळ समोर ठेवून एक ठिपका, मग थोडी थोडी तिरपी करत आणखी चार. पाच ठिपक्यांची ही रांग म्हणजे त्या वस्तूची स्वतःची पट्टी. चकचकीत निळ्या पंखांच्या मॉर्फो फुलपाखरासारखं काही असेल तर पाचही ठिपके निळेच येतील, अगदी शेवटचा जांभळट. त्याच्या खवल्यांची रचना निळा रंग रुंद कोनात फेकते. अशा वेळी रंग बदलण्याची हौस आवरा आणि फक्त उजेड-अंधार नीट करा.

आता पाठ रंगवू

सुरुवात सोनपाखरापासून करा. गुळगुळीत, फुगीर पाठ असल्यामुळे रंग तिथे आकाराला धरून, नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे बसतात आणि डोळ्याला वाचता येतात. हे रंग टिकतातही. जपानमधल्या नारा इथल्या होर्यु-जी मंदिरात सातव्या शतकातला एक देव्हारा आहे, त्याच्या धातूच्या जाळीखाली सोनपाखरांची कवचं बसवलेली होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस जम्मूजवळच्या डोंगराळ भागातल्या बसोहलीचे चित्रकार लघुचित्रांतल्या दागिन्यांत पाचू दाखवण्यासाठी याच कवचांचे तुकडे चिकटवत. कवचातले थर शाबूत आहेत तोवर रंग जात नाही. आपण मात्र तुकडा न चिकटवता रंगानेच तो पाचू करणार आहोत.

कागद गुळगुळीत घ्या, ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा). खरबरीत कागदावर बारीक कडा तुटतात. रंग थोडे पण प्रखर: लिंबू पिवळा (पीवाय ३), पिवळसर थॅलो हिरवा (पीजी ३६), निळसर थॅलो हिरवा (पीजी ७), थॅलो निळा (पीबी १५:३), डायऑक्साझीन जांभळा (पीव्ही २३), क्विनॅक्रिडोन किरमिजी (पीआर १२२) आणि पांढरा. ट्यूबवरचं आकर्षक नाव वाचू नका, मागचा हा क्रमांक वाचा. नावं कंपनीगणिक बदलतात, क्रमांक बदलत नाहीत. मातकट रंग या कामासाठी बाजूला ठेवा. तीन रंगद्रव्यं एकत्र केली की मिश्रण मळतं, म्हणून कुठल्याही एका फटकाऱ्यात दोनपेक्षा जास्त घालू नका.

रेखाटन करताना बाह्यरेषेइतकंच लक्ष उजेडाच्या आकाराकडे द्या. तुमच्या कागदी कमानीचं प्रतिबिंब पाठीवर नेमकं कुठे सुरू होतं, कुठे संपतं, शिवणीपाशी (पाठीवरची दोन कवचं जुळतात त्या रेघेपाशी) कुठे तुटतं, हे पेन्सिलीने आखून घ्या. फिरत्या रंगाचं खरं रेखाटन हेच आहे. पाय आणि मिशा नंतर कधीही काढता येतात.

मग अंधार. पीजी ७ आणि पीआर १२२ मिसळलेत की निळसर-जांभळट काळा मिळतो, ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जिवंत. उजेडाचे आकार वगळून सगळी पाठ याने भरा, एकसारखी आणि न घाबरता. या टप्प्यावर चित्राचा निम्म्याहून जास्त भाग गडद दिसायला हवा. नवखे इथे कचरतात, मधला करडा लावतात आणि पुढे कितीही भडक हिरवा चढवला तरी तो पेटत नाही. मी इथेच थांबून चित्र भिंतीला टेकवते आणि लांबून बघते. काळ्या-पांढऱ्यातच पाठ ओली आणि चकचकीत वाटली पाहिजे. तशी वाटत नसेल तर रंग सुरू करू नका, अंधार दुरुस्त करा.

आता रंगांचे पट्टे. उजेडाच्या मधोमध, जिथे पाठ तुमच्याकडे सरळ बघते, तिथे पिवळट हिरवा: पीवाय ३ आणि पीजी ३६. त्याच्या भोवती शुद्ध हिरवा. मग निळसर हिरवा, मग निळा, मग कडेला जांभळा आणि जांभळ्यातून थेट अंधार. पाठीवर तांबूस पट्टे असतील तर त्यांचा क्रम वेगळा धरा, ते कडेकडे जाताना पिवळ्या-हिरव्याकडे झुकतात. मधले पट्टे रुंद आणि कडेचे अरुंद होत जाऊ द्या, कारण गोलाईमुळे कडेपाशी कोन झपाट्याने बदलतो. गोलाई बहुतेक याच अरुंद होण्याने दिसते, सावलीने कमी.

पट्टे ठेवल्यावर कडांचं काम, आणि सगळा वेळ इथे द्या. शेजारचे दोन रंग पॅलेटवर मिसळून मधला रंग करू नका. दोन नंबरचा ब्रश जवळजवळ कोरडा करून एका रंगाचे बारीक फटकारे शेजारच्या रंगात शिरू द्या आणि त्याचे याच्यात. फटकारे आकाराला धरून, वळणाच्या दिशेने. जवळून ते दोन रंगांचे दात एकमेकांत अडकल्यासारखे दिसतील, हातभर अंतरावरून मधला रंग हलता वाटेल.

डोळ्याला तो हलता वाटण्याचं आणखी एक कारण आहे. उजेडाच्या भागात रंग बदलला तरी त्याचा उजळपणा फारसा बदलता कामा नये. हिरव्यापासून निळ्यापर्यंत जाताना निळ्यात चिमूटभर पांढरा घालून तो हिरव्याइतकाच उजळ ठेवा, आणि मग जांभळ्यापाशी एकदम खाली उतरा. तपासायला फोनने चित्राचा कृष्णधवल फोटो काढा. हिरव्या-निळ्याची सीमा त्यात जवळजवळ नाहीशी झाली आणि अंधाराची सीमा ठसठशीत राहिली, तर बरोबर जमलं. पिवळट हिरवा थोडा उजळ दिसेल, त्याला चालतं.

कवचावर बारीक खळगे असतात, ते विसरू नका. प्रत्येक खळग्याची एक भिंत वेगळ्या कोनात असल्याने तिचा रंग शेजारच्या पाठीहून वेगळा. टायगर बीटल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या काही जातींत तर खळगे निळे-हिरवे आणि मधल्या कडा तांबूस असतात आणि लांबून त्यांची बेरीज होऊन किडा मातीच्या रंगाचा दिसतो. मोजके खळगे काढा, तेही उजेड आणि अंधार भेटतात त्या पट्ट्यात. पूर्ण उजेडात ते दिसत नाहीत, पूर्ण अंधारातही नाही. प्रत्येक खळगा म्हणजे एक गडद ठिपका आणि त्याच्या एका बाजूला क्रमातल्या पुढच्या रंगाची कोर.

पांढरा शेवटी. कवचाच्या अगदी वरच्या पृष्ठभागाची स्वतंत्र तकाकी असते, ती रंगीत नसते. दिव्याचं प्रतिबिंब असेल तिथे एक बारीक, धारदार आकार द्या आणि त्याभोवती पिवळट हिरव्याची कड जिवंत ठेवा. पांढऱ्याने रंग गिळू देऊ नका. एका पाठीवर असे दोन आकार पुरेत.

हे सगळं साध्या रंगांनी होतं का, अशी शंका असेल तर अमेरिकी चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचं १८८९ चं, एलन टेरी या इंग्रज अभिनेत्रीचं चित्र पाहा. लेडी मॅक्बेथच्या भूमिकेतल्या तिच्या पोशाखावर खरी सोनपाखरांची कवचं शिवलेली होती. सार्जंटने ती नेहमीच्या तैलरंगांत उभी केली, गडद पार्श्वभूमीवर निळ्या-हिरव्याच्या फटकाऱ्यांनी.

पिसं

पिसात रंग सलग नसतो. मुख्य दांड्याला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी बारीक तंतू, आणि झळाळी त्या तंतूंत असते. म्हणून मोरपिसाचा डोळा वर्तुळांनी रंगवू नका. पूर्ण जागा गडद तपकिरी करा, फाट्यांची दिशा फिकट रेघांनी आखा, आणि रंग फक्त फाट्याला धरून तुटक रेघोट्यांनी ठेवा. रेघोट्यांमधून खालचा तपकिरी दिसत राहू दे. आतून बाहेर क्रम असा: गर्द निळा-जांभळा, निळसर हिरवा, मग रुंद ताम्रवर्णी कडं, त्याबाहेर सोनेरी हिरवा, आणि पुढे सुटे हिरवे तंतू. ताम्रवर्णासाठी किरमिजी आणि पिवळ्याचं मिश्रण तपकिरीवर कोरड्या ब्रशने घासा. सीमेवरच्या रेघोट्या शेजारच्या वलयात थोड्या घुसू द्या.

ॲबट थेअर या अमेरिकी चित्रकाराने १९०७ मध्ये जंगलातला मोर रंगवला. मोराचे रंग त्याला लपवतात असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याने निळी मान पानांमधल्या आकाशात विरघळवून दाखवली. जीवशास्त्रज्ञांना ते फारसं पटलं नाही. चित्रकाराने मात्र त्या चित्रातून एवढं घ्यावं: पिसांचा रंग आजूबाजूच्या पार्श्वभूमीतही थोडा विखुरला की पक्षी कापून चिकटवलेला वाटत नाही.

शिंपला

माझ्या मते सगळ्यात कठीण हाच, म्हणून तिसरा. शिंपल्याच्या आतल्या थरात ॲरागोनाइट या चुन्याच्या खनिजाच्या सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. खाली काळं काही नसल्याने रंग फिके, आणि अंधाराचा आधार इथे मिळत नाही. उबदार फिकट करड्याने सुरुवात करा, पांढऱ्या कागदावर थेट नको. त्यावर फिकट गुलाबी आणि फिकट हिरवा, दोन्ही अगदी सारख्याच उजळपणाचे, शिंपल्याच्या वाढीच्या रेषांना समांतर. त्यांच्यामध्ये करडा मोकळा सोडा, दोन्ही रंग एकमेकांवर चढले की मळतात. कुठेतरी एक खरा गडद भाग ठेवा, शिंपल्याची कड किंवा त्याची पडछाया. त्याच्याशेजारी फिकट रंगांना किंमत येते.

चमकीचे रंग वापरायचे तर

इंटरफेरन्स नावाने मिळणाऱ्या रंगांत अभ्रकाच्या चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर असतो. थराची जाडी बदलली की रंग बदलतो, म्हणजे निसर्गातलंच तत्त्व. मोत्यासारखी चमक आणायला फार पूर्वीपासून माशांच्या खवल्यांतल्या ग्वानिनच्या स्फटिकांचा अर्क वापरत, त्याचीच ही पुढची पिढी. हे रंग काळ्यावर पेटतात आणि पांढऱ्यावर जवळजवळ दिसत नाहीत, अगदी नेलपॉलिशच्या पडद्यासारखे.

त्यांची अडचण अशी की बघणारा हलला की तो सगळा भाग एकदम चमकतो किंवा एकदम विझतो. तुम्ही रंगवलेल्या उजेडाची दिशा एक आणि चमकीची दिशा भलतीच, मग दोन्ही एकमेकांना खोटं पाडतात. म्हणून रंगवलेल्या उजेडावर मी चमक कधीच लावत नाही. ती फक्त अंधाराच्या भागात लावते, काळ्यावर, अगदी पातळ: निळ्या पट्ट्याच्या पलीकडे जांभळी, शिवणीच्या खोबणीत हिरवी. समोर उभं राहिलं की तिथे अंधार असतो, चालत बाजूला गेलं की तो अंधार जागा होतो.

लावताना मऊ ब्रश, एकाच दिशेने आणि एकाच फटक्यात, म्हणजे चकत्या सपाट बसतात. पांढरा किंवा कुठलाही अपारदर्शक रंग त्यात मिसळू नका, चमक मरते. दोन चमकी एकमेकींत मिसळल्या तर त्या रंगांसारख्या वागत नाहीत, प्रकाशासारख्या वागतात. निळी आणि पिवळी मिळून हिरवी न होता फिकट मोतिया होते. चित्र छापायचं किंवा स्कॅन करायचं असेल तर चमक पूर्ण टाळा. स्कॅनमध्ये ती राखाडी डाग होऊन येते.

व्हार्निश आणि काच

ॲक्रिलिक किंवा तैलरंगावर ग्लॉस व्हार्निश द्या. त्याने काळे भाग खोल होतात आणि हे चित्र त्यांच्यावरच उभं आहे. मॅट व्हार्निश काळ्यावर धुकट पांढुरका थर आणतं आणि हिरवा तिथेच विझतो. गुआशला व्हार्निश देऊ नका. ते काचेखाली ठेवा, काच आणि कागदामध्ये माउंटची (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी सोडा आणि परवडत असेल तर प्रतिबिंब न पडणारी काच घ्या. चित्र खिडकीच्या बरोबर समोर टांगू नका. उजेड बाजूने येईल अशी भिंत निवडा.